स्कर्टिंगमागची भिंत आणि लॅव्हाझिएचा तराजू

एका वाचकाने विचारलं आहे : ‘फरशी बदलताना जुनं स्कर्टिंग काढलं, तर मागचा गिलावाही चार-चार बोटं सुटून आला. कारागिराने तिथे पीओपी भरून दिलं. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगलं आणि पोपडे धरून पडलं. माल भेसळीचा होता का?’

माल बहुधा चोख असावा. तो जिथे भरला, ती जागा त्याची नव्हे.

पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींवरून हे नाव पडलं. जिप्सम 150 अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं. मग त्यात पाणी कालवलं की गमावलेलं परत घेऊन तो पुन्हा दगड होतो. हे प्रथम नीट उलगडून दाखवलं ते लॅव्हाझिएने. शाळेत आपल्याला भेटतो तो ऑक्सिजनवाला लॅव्हाझिए. पण 1765 साली, एकविसाव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेला पहिला निबंध या गिलाव्याच्या दगडावर होता. त्याने जिप्सम तापवला, निघालेली वाफ थंड करून धरली, तर हाती आलं निव्वळ पाणी. वजन करून पाहिलं. शंभर किलो जिप्सममध्ये सुमारे 21 किलो पाणी दडलेलं असतं! जास्त भाजलेलं प्लास्टर का धरत नाही, याचाही उलगडा त्याने केला. पुढे ज्या तराजूने त्याने फ्लॉजिस्टॉन या ज्वलनाच्या जुन्या कल्पनेला घरी बसवलं, त्याची धार आधी गिलाव्यावर लागली होती. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या निबंधाला एखादं पान तरी मिळायला हवं होतं.

पण पाणी पिऊन घट्ट झालेला हा पदार्थ पाण्यापुढे कच्चाच राहतो. लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम जिप्सम विरघळतो. छताला काही बिघडत नाही. फरशीलगतची पट्टी मात्र रोजच्या पोछ्याने भिजते आणि विटांच्या बारीक छिद्रांतून जमिनीची ओल वर चढते ती वेगळीच. त्यात मागे जुना सिमेंटचा गिलावा असेल तर आणखी एक भानगड. ओलाव्यात जिप्सम आणि सिमेंटमधली अ‍ॅल्युमिनेटं मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक बनतात. त्यांच्या एकेका घटकात पाण्याचे 32 रेणू मावतात, म्हणून ते फुगतात आणि भिंतीला आतून रेटतात. जुन्या संशोधकांनी त्यांना ‘सिमेंटचा जंतू’ असं नाव ठेवलं होतं! गंमत अशी, की सिमेंट दळतानाच त्यात थोडा जिप्सम मुद्दाम घालतात, नाहीतर ते घमेल्यातच धरून बसेल. चिमूटभर मिठाने भाजीला चव येते, मूठभर मिठाने ती फेकावी लागते, तसलाच हा प्रकार.

मग काय करायचं? भिंत बोटांनी वाजवून पाहा. पोकळ वाजेल तेवढा गिलावा छन्नीने काढून टाका. ओल नळाच्या गळतीची असेल तर आधी नळ बघा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात. विटा झाडून आदल्या दिवशी भिजवा. कोरडी वीट ताज्या मालातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही. हात फिरवला की पावडर सुटणारं ठिगळ बहुतेक याच कारणाने झालेलं असतं. जुन्या गिलाव्याच्या कडेला सिमेंटचं पाणी लावून एकास चार वाळूचा माल भरा. खड्डा खोल असेल तर दोन थरांत. चुन्याच्या जुन्या वाड्यात मात्र सिमेंटही नको, तिथे चुनाच.

‘एका रात्रीत वॉटरप्रूफ’ म्हणणाऱ्या डब्यांवर माझा विश्वास नाही. विटेतून चढणारं पाणी वरून लावलेल्या पातळ लेपाने थांबत नाही. ते लेपाच्या वरच्या कडेने बाहेर येतं.

नव्या पट्टीला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. स्कर्टिंग त्यानंतर बसवा आणि रंगाला महिनाभर थांबा.