पकड हवी, ठोसा नको

वाशिम, रिसोड, कारंजाकडे कबड्डी रंगते तेव्हा अंगाला अंग भिडणारच. मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या चढाईपटूचा घोटा एक जण धरतो, दुसरा कमरेला मिठी घालतो, अन् तो तरीही हात लांबवून रेषा गाठतो. या झटापटीतच खेळाची गंमत आहे. पण तोंड दाबून दम तोडणं, केस किंवा कपडे धरून ओढणं हे नियमबाह्य आहे. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर, लाल मिळालं की खेळ संपला. चढाईपटूला अडवण्यापुरतं बळ खेळात बसतं. राग काढण्यासाठी मारलेला ठोसा बसत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला जी कबड्डी दाखवली, तिची मर्दुमकी पकडीतच होती.

उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकीत मात्र मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा होते आणि खेळाडू परत येतो. समर्थक म्हणतात, ठोशांच्या धाकामुळे चांगल्या खेळाडूंवर घातकी वार होत नाहीत. मग ऑलिम्पिकचं काय? तिथे मारामारी करणारा थेट सामन्याबाहेर जातो, तरी खेळाचा वेग तसूभरही कमी होत नाही. खेळाडूंना वाचवणं हे पंचांचं काम आहे. कबड्डीचंच पाहा: 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण कबड्डी अंतिम सामना गुणांच्या वादात बराच वेळ थांबला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, पण निकाल खेळूनच लागला: 33-29.