माणूस दुबईला, जामीनदार भूमला

पतसंस्थेचं कर्ज डोक्यावर आणि दुबईची नोकरी हातात. जाता येतं का? येतं. केवळ हप्ते थकले म्हणून पासपोर्ट अडत नाही. सरकारी बँका थकबाकीदाराला विमानतळावर अडवण्यासाठी लुकआऊट नोटीस काढायला सांगत. तो अधिकार त्यांना नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ठरवलं. न्यायालयाची मनाई असेल तर गोष्ट वेगळी.

पण आपण विमानात बसलो तरी जामीनदार भूमलाच राहतो. बहुधा मेव्हणाच असतो तो! १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. पतसंस्थेला दिवाणी दाव्याचीही गरज नाही. १९६० च्या सहकार कायद्यातल्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि जप्ती मेव्हण्याच्या दारी येऊ शकते.

उलटही घडतं. दुबईचं कर्ज बुडवून गावी आलो की सुटलो, असा समज असतो. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून अमिरातीतल्या न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयातून वसूल करता येतात.

म्हणून निघण्यापूर्वी शाखेत जाऊन हप्ते नव्यानं बांधून घ्या. नवा पत्ता लेखी कळवा, पोच घ्या. नोटीस जुन्या पत्त्यावर येते आणि म्हातारे आईवडील ती न वाचता पेटीत ठेवतात. जमीन तारण असेल तर भावाला मुखत्यारपत्र द्या. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेऊन सातबाऱ्यावरचा बोजा त्यालाच उतरवून घ्यावा लागेल.