न्हाणीघरातलं यंत्र

कृष्णाकाठी यंत्रांचा विषय निघाला की किर्लोस्करवाडीचं नाव आधी येतं. 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर ती वसली आणि तिथले लोखंडी नांगर गावोगाव गेले. त्याच मुलखात, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, न्हाणीघरात आणखी एक यंत्र रोज पहाटे पेटत होतं. तांब्याच्या बंबाला यंत्र म्हणायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

उभट पिंप, मधोमध खालून वर गेलेली नळी, तिच्या तळाशी जाळी. विस्तव नळीत आणि पाणी तिच्याभोवती. चुलीवरच्या हंड्याला जाळ बुडाशी लागतो आणि बराचसा बाजूने निसटतो. बंबात तो पाण्याच्या पोटातूनच वर चढतो. म्हणून ज्वारीची धसकटं, मक्याची बुरकुंडं, तुरकाट्या असं शेतातलं उरलंसुरलं घालूनही घरादाराच्या आंघोळी उरकत. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून घासलेला बंब लखलखायचा.

तांबं लोखंडासारखं गंजत नाही आणि उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक चांगली वाहून नेतं. तापवलं की मऊ पडतं, ठोकलं की कडक होतं. तांबट शेवटी गुळगुळीत हातोडीने ओळीने ठोके देतो. हे मठारकाम नुसतं शोभेचं नाही. पातळ पत्र्याला ताठपणा त्यानेच येतो. पुण्याच्या तांबट आळीची ओळख याच ठोक्यांची. आमटीच्या पातेल्याला कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. बंबाला आणि पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला ती लागत नाही.

हंड्याचा गुण प्रयोगशाळेतही दिसला आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात मुद्दाम सोडलेले पटकी-हगवणीचे जंतू 16 तासांनंतर सापडले नाहीत. तरीही माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायकांनी हंडा ठेवून प्लास्टिकची घागर उचलली, ते योग्यच केलं. दुष्काळात लांबून पाणी आणताना भांड्याचं वजनही मानेवरच येतं.

बंबाचं तसं नाही. तो जागचा हलत नव्हता. गॅस, गिझर आणि सौर बंब आले आणि तो माळ्यावर गेला. आता तिथून मोडीत जातो. तिथे तांब्याचा भाव मिळतो, घडणावळीचा नाही. शिवाय भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव देणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नसतं. माळ्यावर बंब असेल तर तो काट्यावर चढवण्याआधी एखाद्या तांबटाला दाखवावा. बहुतेकदा जाळी किंवा नळीच गेलेली असते, आणि ती बदलता येते.