गरोदरपणात एमएस शांत का होतो, आणि बाळंतपणानंतर का उसळतो?

‘एमएस आहे ना तिला, मग मूल कशाला?’ असं म्हणणारी माणसं आजही घराघरांत भेटतात. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. अभ्यासांतून मात्र वेगळंच चित्र समोर आलं.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं, तसं मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर मायेलिनचं आवरण असतं. आपलीच प्रतिकारशक्ती त्यावर उलटते आणि अटॅक येतो. नजर अंधुक होते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार जास्त होतो आणि बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो. म्हणजे ऐन मूलबाळाच्या वयात.

दहा बायकांचा हिशेब

युरोपातल्या 12 देशांतल्या 254 बायकांच्या 269 गरोदरपणांचा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. सोप्या हिशेबात सांगायचं तर, दहा बायकांना गरोदरपणाआधी वर्षाला सात अटॅक येत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा वेग वर्षाला दोनवर उतरला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र तो बारावर गेला आणि नंतर हळूहळू पूर्वपदावर आला. तरीही त्या तीन महिन्यांत 72 टक्के बायकांना एकही अटॅक आला नाही. अंगावर पाजल्यामुळे अटॅक वाढल्याचंही दिसलं नाही.

असं का होतं?

बाळात निम्मा वाटा वडिलांचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती नरमते. तिला आवर घालणाऱ्या पेशी पुढे येतात आणि वारेत तयार होणाऱ्या एस्ट्रिऑल या हार्मोनचं प्रमाण खूप वाढतं. बाळाला मिळालेलं हे संरक्षण आईच्या मज्जातंतूंनाही मिळतं. वार पडली की एस्ट्रिऑल झपाट्याने उतरतं आणि आवर सुटतो.

हेच हार्मोन गोळीतून दिलं तर? अमेरिकेत 164 रुग्ण बायकांवर तशी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. नेहमीच्या औषधाला एस्ट्रिऑलची जोड दिल्यावर अटॅक कमी दिसले. पण ही दुसऱ्या टप्प्याची चाचणी होती. त्यामुळे हा अजून रूढ उपचार नाही. मनाने हार्मोनच्या गोळ्या घेऊ नयेत.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावात आणि माहेर कोल्हापूर किंवा गोव्यात असेल, तर नेमके जोखमीचे तीन महिने बाळंतीण आपल्या न्यूरॉलॉजिस्टपासून लांब असते. म्हणून एमआरआय आणि औषधांची फाइल सोबत न्या, डॉक्टरांचा फोन नंबर ठेवा आणि माहेरच्या गावातला न्यूरॉलॉजिस्ट आधीच ठरवा.

नजर अंधुक झाली, पायातलं बळ गेलं किंवा बधिरपणा 24 तासांहून जास्त टिकला, तर ‘बाळंतपणाचा अशक्तपणा आहे’ म्हणून शेक-शेगडीवर भागवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉडसारखी औषधं गर्भाला बाधक ठरू शकतात, आणि काही औषधं अचानक थांबवली तर आजार उसळतो. कोणतं औषध कधी थांबवायचं आणि बाळंतपणानंतर कधी सुरू करायचं, हे आधी ठरलेलं असलं की एमएस असलेल्या बाईलाही आई होता येतं.