वाळवंटातील शर्यत आणि चाकणचा पट्टा

वाकडच्या पुलाखाली सायंकाळी पाच मिनिटे उभे राहा. नारिंगी रंगाच्या दोनचार मोटारसायकली गुरगुरत गेल्याशिवाय राहायच्या नाहीत. टाकीवर तीन अक्षरे : के. टी. एम. आमच्या युनियनच्या कचेरीत येणाऱ्या एका पोराला मी विचारले, "बाबा रे, या अक्षरांचा अर्थ काय?" तो म्हणाला, "काका, रेसिंग!" उत्तर चुकले, पण अगदीच खोटे नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; यंत्राचे ज्ञान जोडाऱ्याच्या कामातून आणि रद्दीच्या पुस्तकांतून मिळालेले. तेवढ्या भांडवलावर या तीन अक्षरांची हकीकत आज आपल्यापुढे मांडतो.

ऑस्ट्रियात माटिगहोफेन नावाचे एक लहान गाव आहे. तेथे हान्स ट्रुंकेनपोल्झ याने १९३४ साली दुरुस्तीचे दुकान काढले. १९५३ साली एर्न्स्ट क्रोनराइफ हा भागीदार आला, आणि क्रोनराइफ, ट्रुंकेनपोल्झ व माटिगहोफेन यांची आद्याक्षरे मिळून के. टी. एम. झाले. म्हणजे तीनपैकी एक अक्षर गावाचे आहे. आपल्याकडच्या कोणत्या कारखान्याने गावाला एवढा मान दिला, ते आठवून पाहावे.

लहान कारखान्याजवळ जाहिरातीला पैसा नसतो. त्याची जाहिरात शर्यतीच्या मैदानावर होते. डोंगरउतारावर, चिखलात धावण्याच्या शर्यतीत या कारखान्याने नाव काढले, आणि १९७४ साली २५० सी. सी.च्या वर्गात पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले ते गेनादी मोइसेयेव्ह या सोव्हिएत स्वाराने! भांडवलशाही देशाचे यंत्र आणि समाजवादी देशाचा स्वार. राजकारणात न जमलेली युती चिखलात जमली.

पण पदके जिंकल्याने देणी फिटत नाहीत. १९९१ साली कारखान्याचे दिवाळे वाजले. त्याचे चार तुकडे झाले : मोटारसायकल, सायकल, रेडिएटर आणि हत्यारे. मोटारसायकलीचा तुकडा श्टेफान पीरर याने उचलला, आणि पुन्हा शर्यतीचाच मार्ग धरला.

आता वाळवंटाकडे येऊ. तिएरी साबीन या फ्रेंच गृहस्थाने १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतील डाकारपर्यंत पहिली शर्यत काढली. ही गोल मैदानात फिरण्याची शर्यत नव्हे. दोन आठवडे, हजारो किलोमीटर, वाळू आणि दगड. रस्ता नाहीच, हँडलवर कागदाची गुंडाळी असे, तीवरील खुणा वाचत वाचत स्वाराने स्वतःच वाट काढायची. एका डोळ्याने कागद आणि दुसऱ्याने खड्डा! येथे नुसत्या वेगाचा उपयोग नाही. रात्री यंत्र उघडून सकाळी पुन्हा उभे करता आले पाहिजे, आणि एक वेल्डिंग सुटले तर स्वार वाळवंटात अडकतो.

या शर्यतीत के. टी. एम.ला पहिला विजय मिळाला तो २००१ साली, इटलीच्या फाब्रित्सिओ मेओनीकडून. तेव्हापासून २०१९ पर्यंत, २००८ ची रद्द झालेली शर्यत वगळता, मोटारसायकलीच्या वर्गात दर वर्षी हाच कारखाना जिंकला. सलग अठरा विजय! फ्रान्सचा सिरिल देप्रे आणि स्पेनचा मार्क कोमा यांनी त्यांतले प्रत्येकी पाच मिळवले. मेओनी मात्र २००५ च्या जानेवारीत त्याच शर्यतीत मॉरिटानियात पडून मरण पावला. विजयांची यादी वाचताना ही ओळ गाळू नये.

शर्यतीचा कारखान्याला उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मेओनीने २००२ साली दोन सिलिंडरांच्या नव्या ९५० सी. सी. इंजिनावर शर्यत जिंकली. हे इंजिन तेव्हा बाजारात नव्हते. गिऱ्हाइकाला ते मिळाले पुढच्या वर्षी. म्हणजे वाळवंट ही तपासणी खात्याची शेवटची पायरी होती. पोलादी नळ्या जोडून केलेल्या जाळीदार चौकटीचेही तसेच. ही चौकट इतकी खात्रीची ठरली की २०१७ साली मोटो जी. पी.च्या सडक-शर्यतीत उतरतानाही प्रतिस्पर्ध्यांच्या ॲल्युमिनियमऐवजी या मंडळींनी पोलादच वापरले, आणि २०२० साली ब्रनोला ब्रॅड बाइंडरने तेथे पहिला विजय मिळवला. २००८ पासून त्यांनी एक्स-बो नावाची उघडी, छोटी शर्यतीची मोटारही काढली. पण तिचे इंजिन आउडीचे, तेव्हा तो विषय येथेच सोडतो.

आपल्या दाराशी ही गोष्ट आली ती २००७ साली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने कंपनीचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि तो पुढे निम्म्याच्या जवळ नेला. २०११ पासून चाकणला लहान ड्यूक गाड्या परदेशासाठी तयार होऊ लागल्या. २०१२ च्या जानेवारीत २०० सी. सी.ची गाडी येथेही विकावयास आली. चौकट तीच, पोलादी नळ्यांच्या जाळीची. आणि २०१४ साली चाकणच्या पट्ट्यावरून उतरलेल्या आर. सी. ३९० गाड्यांवर जर्मनीत आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत तरुण स्वारांच्या शर्यती भरल्या. त्या गाड्यांचे बोल्ट आवळणारे हात खेड, मावळ, मराठवाड्याचे होते. २०२३ च्या जानेवारीत चाकणहून दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माटिगहोफेनने गरजेपेक्षा फार अधिक गाड्या तयार केल्या; लाखाहून अधिक न विकता पडून राहिल्या. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी सुमारे २०० कोटी युरो. डिसेंबरच्या मध्यास पट्टा थांबला, शेकडो कामगार कमी झाले, नोव्हेंबरचा पगार आणि नाताळची रक्कम अडकली. ऑस्ट्रियात अशा प्रसंगासाठी मालकांच्या वर्गणीतून उभारलेला निधी आहे. पगार त्यातून मिळाले. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने कंपनी मोडीत निघाल्यास कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या येण्याला तारण घेतलेल्या सावकारांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, पण ते कंपनीची मालमत्ता विकल्यावर. तोवर चूल कशी पेटवायची, याची सोय त्यात नाही.

आणि पाहा, पट्टा असा बंद असतानाच १७ जानेवारी २०२५ रोजी सौदी अरबस्तानात डॅनियल सँडर्सने डाकार शर्यत जिंकली, के. टी. एम.वरच! तंबूत जल्लोष, कारखान्यात कुलूप. शर्यतीचे पथक ही वेगळी खोली असते. तिचा दिवा लागलेला दिसला म्हणून साऱ्या घरात उजेड आहे असे समजू नये. आमची पोरे वर्तमानपत्रातला विजय पाहून कंपनीची प्रकृती ठरवतात, म्हणून हे सांगितले. ताळेबंदाचे पान वाचायला सातवीचे गणित पुरते. मी त्यावरच वाचतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत सावकारांनी तीस टक्क्यांवर तडजोड मान्य केली. मार्चमध्ये पट्टा सुरू झाला, सुटे भाग मिळेनात म्हणून एप्रिलअखेर पुन्हा थांबला आणि जुलैअखेर परत चालू झाला. बजाजने एकूण ८० कोटी युरोंची तजवीज केली, आणि त्या नोव्हेंबरात कंपनीचा ताबा आकुर्डीकडे आला. शर्यतीवर किती खर्चावे, कोणती गाडी माटिगहोफेनला जोडावी आणि कोणती चाकणला, हे आता आकुर्डीच्या कचेरीत ठरते.