चित्र आवळा, पण मूळ जपा
छपाई, फोटो आणि कापडाच्या धंद्यातील मंडळींसाठी

आमच्या एका दुकानदार मित्राच्या नव्या दुकानाचा दहा फुटी फ्लेक्स आम्हीच तयार करून दिला. आमच्या संगणकावर डिझाईन अगदी स्वच्छ होते. ते मोबाईलवरून फोटो म्हणून छपाईवाल्याकडे गेले. त्याने ते उतरवून पुन्हा सेव्ह केले. फ्लेक्स लागला तेव्हा अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके होते. मित्र म्हणाला, पैसे देणार नाही. छपाईवाला म्हणाला, आली तशी फाईल छापली. दोघांचेही बरोबर होते. चूक आमची होती, म्हणून दुसऱ्या फ्लेक्सचा खर्च आम्ही सोसला. तेव्हापासून फाईल आवळणे म्हणजे काय, हे आम्ही नीट समजून घेतले.

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या सहाही तालुक्यांत आज लग्नपत्रिका, पाट्या, साड्यांचे नमुने, अर्जाचे फोटो, सारे काही फाईलनेच चालते. म्हणून हा विषय कारागिराच्या खिशाशी जोडलेला आहे.

रुईची गाठ आणि तुरीची डाळ

चित्र म्हणजे ठिपक्यांचा हिशेब. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट होतात. एवढे ओझे कोण वाहणार? म्हणून ते आवळतात. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत प्रेसिंगमधल्या रुईच्या गाठीसारखी. १७० किलो रुई दाबून गाठ बांधली, तरी सोडल्यावर तेवढीच रुई हाती येते. पाटीवर एका ओळीत दोनशे पांढरे ठिपके असतील तर 'पांढरा' दोनशे वेळा न लिहिता 'पांढरा, २००' लिहिले की झाले. याच विचाराची पुढची पायरी अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडली: आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो न लिहिता मागचा पत्ता लिहावा. त्याला डेव्हिड हफमन यांच्या १९५२ च्या युक्तीची जोड मिळाली. वारंवार येणाऱ्या खुणेला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्या खुणेला मोठा. पीएनजी फाईल या दोन्हींवर चालते.

दुसरी रीत दालमिलसारखी. तुरीची डाळ केली की टरफल गेले. त्या डाळीची पुन्हा तूर होत नाही. जेपीजी फाईल अशी असते. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक काढून टाकते. फोटोत हे खपते. अक्षरांच्या धारदार कडांवर मात्र डाग उठतात. शिवाय फाईल उघडून पुन्हा जेपीजी केली की पुन्हा काही ना काही गळते. आमचा फ्लेक्स येथेच फसला.

बंगळूरचा अभियंता

जेपीजीचे मूळ गणित नासिर अहमद यांचे. १९४० साली बंगळूरला जन्मलेले हे अभियंता तेथेच शिकून अमेरिकेत गेले. १९७२ साली या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. १९९२ साली जेपीजीचे प्रमाण ठरले ते त्याच गणितावर. आज जगभरच्या मोबाईलमधील फोटो या कामाचे ऋणी आहेत.

प्रोग्रॅम स्वतः लिहा

पायथन ही संगणकभाषा फुकट मिळते. तिच्यासोबत येणाऱ्या 'झेडलिब' या भागात 'कॉम्प्रेस' आणि 'डीकॉम्प्रेस' अशा दोन आज्ञा आहेत. पहिलीने फाईल आवळा, दुसरीने सोडा, आणि आलेले बाइट मुळाशी ताडून पाहा. एकही बाइट इकडेतिकडे होत नाही. आवळण्याचा जोर ० ते ९ असा देता येतो. जोर वाढवला की वेळ जास्त लागतो. चित्र मात्र तेच राहते.

फोटोंसाठी 'पिलो' हा वेगळा भाग घ्यावा लागतो. त्यात जेपीजीचा दर्जा आकड्याने सांगतात. काही न सांगितल्यास तो ७५ धरतो. ९५ च्या वर जाण्यात अर्थ नाही. फोल्डरमधील पाचशे फोटो एकामागून एक लहान करणारा प्रोग्रॅम दहा-बारा ओळींत होतो. स्टुडिओवाल्याच्या मुलाने एकदा लिहिला की कायमचा कामी आला. मात्र नवे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर मूळ फोटोंवरच लहान फोटो चढतील.

जेपीजी पुन्हा झिपमध्ये घालून जागा वाचेल अशी आशा धरू नका. बांधलेली गाठ आणखी किती दबणार?

आमचा आता असा नियम आहे: पाटी, नकाशी, अक्षरे पीएनजीत, फोटो जेपीजीत, मोबाईलवरून पाठवायचे तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून, आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही. छापण्याआधी गिऱ्हाइकाला पडद्यावर चित्र मोठे करून दाखवा व होकार घ्या. हा नियम शिकायला आम्हाला एक फ्लेक्स लागला. आपल्याला तो खर्च पडू नये.