देश बुडाला तर दाद कुठे मागायची?

जागतिक बँकेच्या कर्ज अहवालातला १.४ लाख कोटी डॉलरचा आकडा एव्हाना सगळ्यांच्या नजरेखालून गेला असेल. विकसनशील देशांनी २०२३ या एका वर्षात परदेशी कर्जापोटी एवढे पैसे भरले. त्यातले ४० हजार ६०० कोटी डॉलर तर नुसते व्याज. यावरची चर्चा नेहमीच्याच वळणाने जाते : श्रीमंत देशांनी मदत वाढवावी, गरीब देशांतल्या पुढाऱ्यांनी खाणे कमी करावे. दोन्ही म्हणणी रास्त आहेत, पण खरी मेख दोन्हींत सुटते. कंपनी बुडाली तर न्यायाधिकरण असते, देणेकऱ्यांना एकत्र बसवणारा कायदा असतो. देश बुडाला तर यातले काहीच नसते.

झांबियाचेच पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये या देशाने ४.२५ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला आणि हात वर केले. 'जी-२०'ने त्याच सुमारास अशा देशांसाठी 'कॉमन फ्रेमवर्क' नावाची चौकट आखली होती. झांबियाने २०२१च्या सुरुवातीलाच तिथे अर्ज केला. चीन, फ्रान्स आदी सरकारांशी तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. रोखेधारकांबरोबर ठरलेला करार सरकारी धनकोंच्या समितीने फेटाळला आणि तो २०२४ मध्ये नव्याने करावा लागला. आपण सोडलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातील, ही धास्ती प्रत्येकाला. मग पहिले पाऊल टाकायचे कोणी? घोंगडे भिजत पडले, आणि त्याच २०२४ मध्ये दुष्काळ आला. मक्याचे पीक करपले, करिबा धरण आटले, जलविद्युतीवर चालणारा देश अंधारात गेला.

हा विलंब काहींच्या मात्र पथ्यावर पडतो. रोमानियाने १९७९ मध्ये झांबियाला शेतीयंत्रांसाठी कर्ज दिले होते. ते थकले. थकबाकी मिटवण्याच्या वाटाघाटी चालू असतानाच १९९९ मध्ये 'डोनेगल इंटरनॅशनल' या फंडाने ते कर्ज रोमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि पुढे लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटींचा दावा ठोकला. २००७ मध्ये त्याला दीड कोटीहून अधिक डॉलर मिळाले. मधल्या काळात झांबियाला कर्जमाफी मिळाली होती, म्हणजे इतरांनी सोडलेल्या पैशावर याने हात मारला. मढ्याच्या टाळूवरचे लोणी म्हणतात ते हेच. आणि यात बेकायदा असे काहीही नव्हते! ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून अशा वसुलीला लगाम घातला, पण फक्त जुन्या कर्जांपुरता. झांबियाने २०१२ पासून विकलेले रोखे त्यात बसत नाहीत.

कर्ज काढताना कळत नव्हते का, हा प्रश्न इथे विचारला जाईलच. कळत होते. २००५ च्या माफीनंतर झांबिया पुन्हा उधारीच्या नादी लागला, याला तिथलेच राज्यकर्ते जबाबदार आहेत. पण २०१५ चे रोखे घेणाऱ्यांनी जवळपास ९ टक्के व्याज लावले ते कशासाठी? पैसे बुडण्याच्या जोखमीचीच ती किंमत होती. जोखमीचा मोबदला घ्यायचा आणि जोखीम प्रत्यक्षात उतरली की पै-पै मागायची, हा व्यवहार एकतर्फी झाला. दिवाळखोरीची वाट सोपी केली तर उद्या कर्ज महाग होईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशी पद्धत पूर्वी सुचवली गेली तेव्हा खुद्द ब्राझील आणि मेक्सिको या कर्जदार देशांनाही ती भीती वाटली होती. थोडे महाग होईलही. पण पहिल्याच उधळपट्टीला वेसण बसणार असेल तर ते वाईट कसे?

आराखडाही नवा शोधायला नको. नाणेनिधीतल्या तेव्हाच्या क्रमांक दोनच्या अधिकारी ॲन क्रूगर यांनी २००१ मध्येच देशांसाठी दिवाळखोरीची रीतसर पद्धत सुचवली होती. अमेरिकेने विरोध केला आणि २००३ मध्ये ती गुंडाळली गेली. भारताने २०१६ मध्ये कंपन्यांसाठी दिवाळखोरी संहिता आणली, २०२३ मध्ये 'जी-२०'चे अध्यक्ष म्हणून कर्जाच्या गोलमेज बैठकांचे सहअध्यक्षपदही भूषवले. क्रूगर यांचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर ठेवण्याचा आग्रह दिल्लीने धरायला हवा.